रमजानचे तीस दिवस आणि ईदची संध्याकाळ

(कर्वेनगर, पुणे येथील मासिक बैठकीत केलेलं भाषण)



मागच्या बैठकीत कोणीतरी विचारलं होतं, "आपल्या ओळखीतल्या किती घरांत दारूचा प्रश्न आहे?" खोलीत एकदम शांतता झाली. मग विषय शिष्यवृत्तीच्या अर्जांवर गेला. त्या शांत बसलेल्यांत मीही होतो, म्हणून आज वेळ मागून घेतली.

मी डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. इंजिनिअर आहे, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, इथेच राहतो. बोलतोय तो भाऊ म्हणून. माझा मोठा भाऊ बरीच वर्षं दारूच्या व्यसनात होता. त्याला विचारूनच आलोय. तो म्हणाला, "बोल, पण मला हिरो करू नकोस आणि बिचाराही करू नकोस. नाव घेऊ नकोस, अम्मीला त्रास होईल."

आमच्या घरातलं ठरलेलं वाक्य होतं, "अपने में कोई नहीं पीता." भाई अत्तर लावून घरी यायचा, अम्मी शेजाऱ्यांना सांगायची की त्याला खोकल्याचं औषध चालू आहे. दारू हराम आहे म्हणून आमच्यात दारुडा असूच शकत नाही, असा तो हिशेब. ज्या घरात दारू उघड असते तिथे निदान भांडण तरी होतं. आमच्याकडे भांडायलाही विषय नव्हता, कारण विषयच नव्हता.

आणि मग रमजान यायचा. चांद दिसला की भाईची दारू बंद. तीस दिवस थेंब नाही. सहरीला सगळ्यांना उठवणार तोच, तरावीहला पुढच्या ओळीत तोच. ईदला सकाळी नमाज, दुपारपर्यंत शीरखुर्मा, भेटीगाठी. संध्याकाळी सहानंतर गायब. रात्री दीड-दोनला कोणीतरी रिक्षात घालून आणून सोडायचं. एक वर्ष नाही, सलग सात वर्षं.

यावरून आम्ही काय निष्कर्ष काढला? की हा मनात आणलं तर सोडू शकतो, म्हणजे उरलेले अकरा महिने मुद्दाम पितो. मी हे त्याला तोंडावर बोललोय, त्याच्या मुलीसमोर.

मला उलगडायला फार वेळ लागला. दारू थांबवणं ही एक गोष्ट आहे आणि थांबलेलं राहणं ही दुसरी. भाईला पहिली येत होती. रमजानमध्ये दुसरी त्याच्या वतीने सगळं जग करत होतं. दिवसाचं वेळापत्रक ठरलेलं, संध्याकाळी इफ्तारला घरची माणसं समोर, रात्री मशीद, ऑफिसातले मित्रसुद्धा 'बसायला' बोलवायचे नाहीत. ईदच्या दिवशी हा सगळा मांडव एका संध्याकाळी उतरतो. माणूस तोच, तीस दिवसांत त्याच्या मेंदूत फारसं काही बदललेलं नाही, आणि आधार मात्र एकदम काढून घेतलेला.

इथे एक वैद्यकीय गोष्ट सांगतो, कारण ती आम्हाला महागात पडली असती. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने दारू एकदम बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. एका रमजानमध्ये दुसऱ्या रोज्याला भाईचे हात इतके थरथरत होते की इफ्तारचा खजूर हातातून पडला. आम्ही म्हणालो, कमजोरी आहे. ती कमजोरी नव्हती, नशीब बलवत्तर म्हणून निभावलं. ज्यांच्या घरात असं कोणी असेल त्यांनी रमजानच्या आधी, शाबानमध्येच डॉक्टरांना गाठा.

पुढे केंद्रं झाली. पहिलं केंद्र शहराबाहेर होतं, नाव घेत नाही. तीन महिने भेटू दिलं नाही. नंतर कळलं की तिथे बांधून ठेवायचे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला स्पष्ट मनाई आहे, आणि व्यसनाचे रुग्ण या कायद्यात येतात. हे मला तेव्हा माहीत असतं तर. भाई घरी आला, वजन वाढलं होतं, आम्ही मिठाई वाटली. एकोणिसाव्या दिवशी पिऊन आला.

आमच्या धंद्यात बग दुरुस्त झाला की तिकीट बंद करतात. मी भाईचं तिकीट बंद केलं होतं. ते पुन्हा उघडलं तेव्हा मला दुःखापेक्षा अपमान जास्त वाटला. पैसे मी भरले होते ना. चार महिने त्याच्याशी बोललो नाही.

त्या चार महिन्यांत मी वाचायला लागलो. २००० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक प्रसिद्ध लेख आला होता. त्यात व्यसनाची तुलना मधुमेह, रक्तदाब आणि दमा यांच्याशी केली होती. उपचारानंतर वर्षभरात पुन्हा व्यसनाकडे वळणाऱ्यांचं प्रमाण साधारण ४० ते ६० टक्के. रक्तदाब आणि दम्याचे रुग्णही जवळपास तितक्याच प्रमाणात पुन्हा बिघडतात, किंबहुना थोडे जास्तच. मला अब्बा आठवले. ईदच्या शीरखुर्म्यानंतर दरवर्षी त्यांची शुगर तीनशेच्या वर जायची. त्यांना कोणी खोटारडा म्हणालं नाही. डॉक्टरांनी गोळी बदलली, पंधरा दिवसांनी बोलावलं. भाईला मात्र आम्ही घराबाहेर काढायला निघालो होतो.

आजार म्हणजे जबाबदारी नाही असं मात्र नाही. मधुमेहाच्या माणसालाही गोळी स्वतःच घ्यावी लागते. आणि भाभीने मार खात संसार रेटावा, कर्ज फेडत राहावं, याला मी आधार म्हणत नाही. तसं होत असेल तर आधी तिची आणि मुलांची सोय.

परत फिरण्यामागे नेमकं काय असतं? भाई त्याच्या भाषेत सांगतो, "कर्वे रस्त्यावर त्या एका वळणाला बस आली की तोंडाला पाणी सुटायचं. मी ठरवायच्या आधीच शरीराने ठरवलेलं असायचं." वास, जागा, पगाराची तारीख, माणसं, सगळं मेंदूत एकमेकांना जोडून बसलेलं असतं. व्हिएतनाममध्ये हेरॉइनची सवय लागलेले अमेरिकन सैनिक १९७१ मध्ये मायदेशी परतले, तेव्हा ली रॉबिन्स या संशोधिकेने त्यांचा पाठपुरावा केला. सगळ्यांना भीती होती की देशभर व्यसनी पसरणार. प्रत्यक्षात पहिल्या वर्षात पुन्हा अडकलेले अगदी थोडे निघाले. त्यांचा देश बदलला होता, रोजचं जगणं बदललं होतं. आपला माणूस केंद्रातून परत येतो तो त्याच गल्लीत, त्याच मित्रांत, त्याच उसनवारीत. भाईने आता रस्ता बदलला आहे, राजाराम पुलावरून येतो. वीस मिनिटं जास्त लागतात.

दुसरी गोष्ट अॅलन मार्लट या मानसशास्त्रज्ञाने मांडली. एक घोट झाला की माणूस म्हणतो, आता सगळं संपलंच, मग बाटलीच का नको? पडण्यापेक्षा हा निष्कर्ष जास्त नुकसान करतो. खरं तर हे आपल्याला समजायला सोपं आहे. आजारपणात एक रोजा सुटला तर कोणी उरलेला महिना सोडून देत नाही. ईदनंतर त्याची कजा ठेवतो. रोज्याला हे गणित लावणारी अम्मी भाईच्या बाबतीत म्हणायची, "सब मिट्टी में मिल गया." शंभर दिवस कोरडे गेले होते आणि एक दिवस ओला, तरी मिट्टी.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची जन्मतारीख १० जून १९३५ मानतात. ती कशी ठरली ते मला भाईनेच सांगितलं. बिल विल्सन दारू सोडलेला माणूस, कामानिमित्त अॅक्रन गावी आलेला. प्यायची ओढ लागली तेव्हा त्याने फोन फिरवून दुसरा दारुडा शोधला, डॉक्टर बॉब स्मिथ. बॉबने सोडली, काही आठवड्यांनी डॉक्टरांच्या एका अधिवेशनाला गेला आणि तिथे पुन्हा प्याला. परत आल्यावर बिलने त्याला हाकललं नाही. बॉबने शेवटचा घोट घेतला ती तारीख १० जून. म्हणजे त्या संघटनेचा वाढदिवसच एका घसरणीच्या शेवटापासून मोजतात. भाईला ही गोष्ट फार आवडते. मलाही.

पुण्यात राहून मुक्तांगणचं नाव न घेता पुढे जाता येणार नाही. अनिल अवचटांनी शहरात पसरलेल्या ब्राउन शुगरवर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याला मुक्तांगण सुरू झालं. चालवलं डॉ. अनिता अवचट यांनी, त्या येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. स्वतः कॅन्सरशी झुंजत त्यांनी ते उभं केलं, १९९७ मध्ये त्या गेल्या. आज त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर ते काम पाहतात. मला त्यातल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. बरे झालेले रुग्ण तिथे समुपदेशक म्हणून काम करतात. बायकांसाठी 'सहचरी' गट आहे, कारण आजारी पूर्ण घर असतं. आणि निवासी उपचार संपल्यावर पाठपुरावा चालू राहतो. आपण मात्र पैसे फक्त त्या निवासी दिवसांचे मोजतो आणि त्यानंतरचं सगळं अल्लाहवर सोडतो.

ब्राउन शुगर किंवा तत्सम नशेबद्दल एक इशारा. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते. जुन्या सवयीने जुनाच डोस घेतला तर माणूस मरतो. केंद्रातून सुटल्यानंतरचे पहिले दिवस म्हणूनच सगळ्यात धोक्याचे. पोलिसांच्या भीतीने लपवू नका, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला एनडीपीएस कायद्याच्या ६४-अ कलमात संरक्षण आहे.

आता भाईचं काय जमलं ते. जादू काही नाही. मानसोपचारतज्ज्ञाने दिलेली गोळी, आठवड्यातून दोन सभा, भाभीचा स्वतंत्र गट. माझ्याकडे एकच काम आलं, रोज साडेसहाला फोन. आधी मी विचारायचो, "प्यायलास का?" भाभीने दटावलं. आता विचारतो, "निघालास का?" सभेत त्याला एक काका भेटले, सदाशिव पेठेतले, बावीस वर्षं कोरडे. ईदच्या संध्याकाळी पाच वाजता काका आमच्याकडे शीरखुर्मा खायला येतात आणि भाईला घेऊन सभेला जातात. दिवाळीत आणि एकतीस डिसेंबरला भाई काकांकडे जाऊन बसतो. त्या दिवशी त्यांनाही अवघड जातं, बावीस वर्षांनंतरही.

आणि तरी गेल्या पावसाळ्यात तो पुन्हा घसरला. ही पाचवी वेळ. चौथी घसरण दोन महिने चालली होती, ही दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतः काकांना फोन केला. मी हे प्रगती म्हणून सांगतो तेव्हा नातेवाईक माझ्याकडे विचित्र नजरेने पाहतात.

मशिदीबद्दल एक बोलतो, रागावू नका. दारू हराम आहे हे खुतब्यात दरवर्षी सांगतात. ते पिणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं, रात्रभर तेच त्याला खात असतं. बंदीची आज्ञासुद्धा एका दिवसात आली नाही, टप्प्याटप्प्याने आली, हे मौलानाच शिकवतात. मग सोडू पाहणाऱ्याला टप्पे का नकोत? भाई पहिल्यांदा सभेला गेला नाही कारण ती चर्चच्या आवारात होती आणि कोणी पाहिलं तर काय म्हणतील ही भीती. बारमध्ये जाताना ही भीती त्याला कधी वाटली नव्हती, हे तोच हसत सांगतो.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये एम्सच्या मदतीने केलेलं सर्वेक्षण जाहीर केलं. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतात, असं त्यात आहे. उरलेल्या सदतीसांच्या घरी आमच्यासारखंच खोकल्याचं औषध चालू असणार. फोन नंबर लिहून घ्या, व्यसनासाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६.

माझी मागणी लहान आहे. ज्या कर्व्यांच्या नावाने हा भाग ओळखला जातो, त्यांनी १८९३ मध्ये स्वतः विधवेशी लग्न केलं, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. १८९६ मध्ये आश्रम काढला आणि १९०० मध्ये तो इथे हिंगण्याला आणला. बायकांना रोज राहायला, शिकायला जागा हवी होती. मला फक्त एक खोली हवी आहे, आठवड्यातून दीड तास. ही खोली गुरुवारी संध्याकाळी सात ते साडेआठ रिकामी असते, मी व्यवस्थापकांना विचारलं आहे. कोणत्याही धर्माच्या माणसाने यावं, घरच्यांनीही यावं, दारावर पाटी नको, हजेरीवही नको. भाई आणि काका दोघंही यायला तयार आहेत. कार्यकारिणीने आज हो म्हटलं तर येत्या गुरुवारपासून सुरू करू. किल्ली माझ्याकडे राहील, चहाचं मी बघतो. रमजानमध्ये वेळ तरावीहनंतरची ठेवू, आणि ईद कुठल्याही वारी आली तरी त्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता खोली उघडी असेल.