डेस्कटॉपला एकपाटी संगणक जोडताना



एकाच पाटीवर प्रोसेसर, स्मृती आणि जोडण्यांची सर्व छिद्रे बसविलेला जो लहानसा संगणक बाजारात मिळतो, त्यास सिंगल बोर्ड कॉम्प्युटर असे नाव आहे. येथे सोयीसाठी त्यास एकपाटी संगणक म्हणावयाचे आहे. शाळेला पाटी हा शब्द परका नाही. इंग्लंडातील केंब्रिज येथील रास्पबेरी पाय संस्थेने २०१२ साली आपला असा पहिला संगणक विक्रीस काढला, तो मुळी यंत्राच्या पोटात काय चालते हे मुलांनी शिकावे या हेतूने. नोव्हेंबर २०१५ मध्ये पाय झिरो हे त्याचे धाकटे भावंड आले. लांबी ६५ मिलिमीटर, रुंदी ३० मिलिमीटर. पत्त्याच्या पानाचा अर्धा तुकडा म्हणावा इतकेच ते असते. त्या वेळी त्याची किंमत ५ डॉलर होती, आणि ‘मॅगपाय’ या मासिकाच्या एका अंकाबरोबर तर ते फुकट वाटण्यात आले.

इतके स्वस्त यंत्र मिळूनही ते शाळेच्या कपाटातच राहण्याचा संभव फार. त्याला पडदा नाही, कळफलक नाही. आणि ही दोन्ही विकत घ्यावयाची तर यंत्राच्या कित्येक पट खर्च होतो. शेजारच्या रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील खैराट येथे २००७ साली प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप देण्याचा प्रयोग झाला. तेथील यंत्रांना स्वतःचा पडदा आणि स्वतःच्या कळा होत्या. एकपाटी संगणकाला मात्र या गोष्टी उसन्या घ्याव्या लागतात. त्या देण्यास शाळेतील जुना डेस्कटॉप समर्थ असतो, आणि मध्ये लागते ती केवळ एक यूएसबी तार. मंडणगडापासून राजापुरापर्यंत वाडीवस्तीवरच्या शाळांतून जेथे एखादाच डेस्कटॉप चालू स्थितीत असतो, तेथे ही युक्ती विशेष उपयोगी आहे.

ही तार म्हणजे काय, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. एरवी जोडणी फसली की दोष कोणाचा हे कळत नाही. यूएसबीची पहिली नियमावली जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम आदी सात कंपन्यांनी मिळून ती सिद्ध केली. इंटेलमध्ये या कामाचे नेतृत्व करणारे अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर होत. तोपर्यंत छापयंत्राची तार वेगळी, कळफलकाची वेगळी, उंदराची वेगळी, असा प्रकार होता.

साध्या यूएसबी तारेच्या आवरणात चार बारीक तारा असतात. तांबडी आणि काळी यांतून ५ व्होल्टची वीज जाते. पांढरी आणि हिरवी यांतून संदेश जातात. आता मोबाइल भारण्यासाठी ज्या स्वस्त तारा मिळतात, त्यांतील पुष्कळांत फक्त पहिल्या दोनच तारा घातलेल्या असतात. अशी तार लावली तर पाटीवरचा दिवा लागतो, यंत्र जिवंत दिसते, पण डेस्कटॉपला त्याची गंधवार्ताही नसते. पाटी बिघडली असा निष्कर्ष निघून ती परत डबीत जाते, असे होते ते बहुधा या तारेपायी. तारेची परीक्षा सोपी आहे. त्याच तारेने एखादा मोबाइल डेस्कटॉपला जोडावा आणि मोबाइलवर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावे. त्यातील छायाचित्रे डेस्कटॉपवर दिसली तर तार चार तारांची आहे. अशा तारेवर शाईने खूण करून ती वेगळी ठेवावी, आणि मोबाइल भारण्यास कोणासही देऊ नये.

आता संभाषणाचा प्रकार पाहा. यूएसबीच्या तारेवर दोन्ही टोके समान नसतात. एक टोक यजमान, दुसरे पाहुणे. पाहुण्याने आपण होऊन बोलावयाचे नाही; यजमानाने विचारले तरच उत्तर द्यावयाचे. ज्या वर्गात मुले हात वर करतात पण गुरुजींनी नाव घेतल्यावाचून तोंड उघडत नाहीत, त्या वर्गासारखाच हा कारभार आहे. हात वर करण्याचे कामही येथे आहेच: नवे यंत्र जोडले की ते संदेशाच्या दोन तारांपैकी एकीवरील दाब एका रोधामार्फत वर खेचून धरते, आणि कोणीतरी आले हे यजमानास कळते. मग यजमान त्याला विचारतो, तू कोण, कोणत्या कारखान्याचा, तुला काय काय येते? उत्तर आले की तो त्यास १ ते १२७ यांपैकी एक क्रमांक देतो. हजेरीपटावर नाव चढविण्यासारखाच हा विधी. या ओळखीपूर्वी पाहुण्याने १०० मिलिअँपिअरहून अधिक वीज घेऊ नये, आणि ओळख पटल्यावर ५०० पर्यंत घ्यावी, असा यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीचा दंडक आहे.

येथेच खरी अडचण उद्भवते. डेस्कटॉप नेहमी यजमान असतो. एकपाटी संगणक हाही संगणकच, म्हणून तोही स्वभावतः यजमान होऊ पाहतो. दोन यजमान समोरासमोर बसले तर पंगत वाढावयाची कोणी? तेव्हा पाटीला पाहुणा होण्यास सांगावे लागते. सर्वच पाट्यांना हे साधत नाही. पाय दोन आणि पाय तीन यांच्या चार मोठ्या छिद्रांच्या नमुन्यांत विजेच्या छिद्राला संदेशाच्या तारा जोडलेल्याच नाहीत, त्यामुळे तेथे प्रयत्न करणे व्यर्थ होय. पाय चार पाहुणा होऊ शकतो, परंतु त्याची विजेची भूक जुन्या डेस्कटॉपला पेलेलच असे नाही. शाळेसाठी पाय झिरो सर्वांत योग्य. त्यावर शेजारी शेजारी दोन सारखी छिद्रे असतात. एकाजवळ ‘पीडब्ल्यूआर’ अशी इंग्रजी अक्षरे असतात, ते केवळ विजेचे. दुसऱ्याजवळ ‘यूएसबी’ असे लिहिलेले असते; तार त्यातच घालावयाची. वीजही त्याच तारेतून मिळते, निराळी द्यावी लागत नाही.

पाहुणा होण्याची आज्ञा मेमरी कार्डावर लिहावयाची असते. प्रथम रास्पबेरी पाय इमेजर या विनामूल्य साधनाने डेस्कटॉपवरच कार्ड तयार करावे. एप्रिल २०२२ पासून ‘पाय’ हे ठरीव वापरकर्तानाव व त्याचा सर्वांस ठाऊक असलेला संकेतशब्द काढून टाकण्यात आले आहेत, म्हणून स्वतःचे नाव व संकेतशब्द येथेच द्यावेत आणि एसएसएच ही दुरून आज्ञा देण्याची सोय चालू करावी. त्यानंतर कार्डाच्या ‘बूट’ विभागात दोन फाइली उघडाव्यात. ‘कॉन्फिग’ या फाइलीच्या शेवटी एक नवी ओळ घालावी: ‘डीटीओव्हरले’, बरोबरचे चिन्ह, ‘डीडब्ल्यूसी’ आणि दोनचा आकडा. ‘सीएमडीलाइन’ या फाइलीत ‘रूटवेट’ हा शब्द शोधून, त्यापुढे एक जागा सोडून, ‘मॉड्यूल्स-लोड’, बरोबरचे चिन्ह, ‘डीडब्ल्यूसी’ दोन, स्वल्पविराम आणि ‘जी’, अधोरेषा, ‘ईथर’ असे लिहावे. ही सर्व अक्षरे अर्थातच इंग्रजी लिपीत, लहान वळणाची. ही दुसरी फाइल म्हणजे एकच लांब ओळ आहे. शुद्धलेखनाच्या सवयीने तेथे नवा परिच्छेद पाडला तर पाटी मुळीच सुरू होणार नाही.

कार्ड पाटीत बसवून तार डेस्कटॉपच्या मागील बाजूच्या छिद्रात घालावी. पुढील छिद्रांची वीज आतल्या लांब तारेतून येते, म्हणून मागचे बरे. पहिल्या वेळी काही मिनिटे धीर धरावा लागतो. यानंतर डेस्कटॉपला पाटी एखाद्या नव्या नेटवर्क-जोडणीसारखी दिसू लागते, आणि ‘रास्पबेरीपाय’, टिंब, ‘लोकल’ या नावाने हाक मारता येते; इमेजरमध्ये यंत्रास दुसरे नाव दिले असेल तर ते घ्यावे. विंडोज कधी कधी पाटीस नेटवर्क न समजता साधे कॉम पोर्ट समजते. तशा वेळी डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तिच्यासाठी आरएनडीआयएसचा ड्रायव्हर निवडावा. उबंटूसारख्या प्रणालीत त्या जोडणीचा पत्ता ‘लिंक-लोकल’ असा ठेवावा लागतो. एवढे झाले की डेस्कटॉपच्या कळफलकावर टंकलेली आज्ञा पाटी पाळते आणि उत्तर डेस्कटॉपच्या पडद्यावर येते.

कोकणच्या हवामानाचा विचार येथे केलाच पाहिजे. वीज अवचित गेली तर डेस्कटॉपबरोबर पाटीही विझते, आणि त्या क्षणी कार्डावर लेखन चालू असेल तर ते बिघडते. सबब तयार कार्डाची एक प्रत दुसऱ्या कार्डावर करून मुख्याध्यापकांच्या ताब्यात असावी. तार उपटण्यापूर्वी पाटीस बंद होण्याची आज्ञा देऊन हिरवा दिवा विझेपर्यंत थांबण्याची सवय मुलांना प्रथमपासून लावावी. वैशाखात आणि आश्विनात गडगडाट होतो तेव्हा डेस्कटॉपची मुख्य तार भिंतीतून काढावी. पाटी त्याला जोडलेली असल्याने जे डेस्कटॉपचे होईल ते तिचेही होईल. रत्नागिरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि किनाऱ्यालगतच्या गावांत खारा वाराही आहे. पावसाळ्यात पाटी घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवणे बरे.

पुण्यातील पाय जाम फाउंडेशन ही संस्था सरकारी शाळांतील मुलांच्या हाती अशी यंत्रे देत आली आहे. तेव्हा हे काम केवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाचे आहे असे समजण्याचे कारण नाही. पाय झिरोवर ४० छिद्रांची रांग असते. तीतून लहान दिवा लावणे, तापमान मोजणे असे पाठ घेता येतात. मात्र संदेशाच्या छिद्रांना ३.३ व्होल्टच सोसतो. शेजारच्या छिद्रातील ५ व्होल्ट चुकून तेथे लागले तर पाटी कायमची जाते. म्हणून तारा जोडताना यूएसबी काढून ठेवावी, आणि जोडणी दुसऱ्या मुलाने चित्राशी ताडून पाहिल्यावरच ती लावावी.

तापमानाचा पाठ सहावी-सातवीस चांगला जमतो. यूएसबी तार पाच मीटरहून लांब चालत नाही, म्हणून डेस्कटॉप ओसरीच्या खिडकीजवळ असावा. पाटीने सांगितलेले तापमान मुलांनी भिंतीवरच्या काचेच्या तापमापकाशी रोज एकाच वेळी पडताळून वहीत लिहावे. पाटीचा आकडा नेहमीच अधिक येऊ लागला, तर तापमान मोजणारा भाग पाटीला अगदी चिकटून किंवा डेस्कटॉपच्या पंख्याच्या गरम वाऱ्यात तर ठेवलेला नाही ना, हे मुलांनाच शोधू द्यावे.