बनारसच्या घरातील मराठी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



विषय निवडण्याची मोकळीक कार्यकारिणीने आम्हांस दिली, तेव्हा शिवछत्रपती किंवा लोकमान्य यांच्यावर आम्ही बोलू, अशी पुष्कळांची अपेक्षा असावी. आम्ही निवडले ते विज्ञानलेखक व कथाकार डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांना. त्याचे कारण अगदी घरगुती आहे.

आमची कन्या अकरावीत असताना एका संध्याकाळी इंग्रजीचे पाठ्यपुस्तक घेऊन आली व विचारू लागली, "बाबा, पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर?" केंद्रीय मंडळाच्या त्या पुस्तकात 'द ॲडव्हेंचर' नावाचा धडा होता. त्यातील प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर एका निराळ्याच मुंबईत जाऊन पोहोचतात. तेथे पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेली असते. ही कथा मूळची मराठी असून तिचे नाव 'गंगाधरपंतांचे पानिपत' आहे, हे कन्येस ठाऊक नव्हते. मंडळाच्या ग्रंथालयाच्या कपाटात ती आहे, हे आम्हांसही ठाऊक नव्हते! मराठी घरातील मुलीला मराठी कथा इंग्रजीतून भेटावी, ही गोष्ट त्या दिवशी आम्हांस बोचली. आजचे व्याख्यान त्या बोचणीतून आले आहे.

नारळीकरांचा जन्म 19 जुलै 1938 रोजी कोल्हापुरात झाला, परंतु त्यांचे बालपण गेले बनारसला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे विभागप्रमुख होते. मातोश्री सुमतीबाई संस्कृतच्या व्यासंगी होत्या. म्हणजे हे घर आपल्यासारखेच, महाराष्ट्रापासून दूर गेलेले. शाळा हिंदीची, गावची बोली निराळी, आणि मराठी केवळ उंबरठ्याच्या आत. या घरात फळे टांगलेले असत. मोरूमामा हुजूरबाजार त्यांवर भाच्यासाठी गणिताचे एखादे कोडे लिहून ठेवीत आणि ते सुटेपर्यंत पुसले जात नसे. कोणी शिकवणी लावली नव्हती; कुतूहल जागे ठेवले होते, इतकेच.

बनारसला 1957 साली बी. एस्सी. होऊन ते केंब्रिजला गेले. तेथे गणिताच्या परीक्षेत अव्वल ठरून फ्रेड हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली 1963 साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. 1965 मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या आतच, भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. हॉईल स्वतः विज्ञानकथा लिहीत, ही गोष्टही येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे. 1972 साली नारळीकर स्वदेशी परतले व मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. पुढे 1988 साली पुण्यात आयुका ही संस्था उभी राहिली, तिचे ते संस्थापक संचालक होत.

आता त्यांच्या कथेची जन्मकथा ऐका. अहमदाबादेस एक परिसंवाद चालू होता. व्याख्यान कंटाळवाणे होते. (आजच्यासारखे नसावे, अशी आमची आशा आहे.) टिपणांसाठी दिलेल्या कागदांवर नारळीकरांनी एक कथा लिहावयास घेतली. तीच 'कृष्णविवर'. मराठी विज्ञान परिषदेची 1974 सालची कथास्पर्धा समोर होती. आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी 'नारायण विनायक जगताप' हे टोपणनाव घेतले. ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलटी केली की हे नाव निघते. हस्ताक्षर ओळखले जाईल म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून उतरवून घेतली. पहिले पारितोषिक त्या अज्ञात जगतापांना मिळाले. पुढे दुर्गाबाई भागवतांसारख्या चोखंदळ विदुषीने कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात त्यांच्या विज्ञानकथेचे स्वागत केले. 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला' ही पुस्तके त्यानंतरची. वर्तमानपत्रांतून व मासिकांतून त्यांनी खगोलशास्त्रावर सुबोध लेखही सातत्याने लिहिले. विज्ञानप्रसारासाठी युनेस्कोचे कलिंग पारितोषिक त्यांना 1996 साली मिळाले, ते याच लेखनाचे फळ होय.

या कथांत पात्रे पुष्कळदा कल्पनेच्या सोयीपुरतीच उभी राहतात, असा आक्षेप घेता येईल. आम्हांसही तो काही अंशी मान्य आहे. परंतु 'धूमकेतू' वाचून पाहावी. एका बंगाली हौशी आकाशनिरीक्षकाला धूमकेतू सापडतो. तो पृथ्वीवर आदळणार असे गणित सांगते. शास्त्रज्ञ गुप्तपणे त्याची वाट बदलतात. संकट टळते आणि घरी येऊन पाहावे तो पत्नीने शांतियज्ञ केलेला! संकट यज्ञानेच टळले, अशी तिची श्रद्धा. या शेवटी विनोद आहे, त्याहून अधिक खिन्नता आहे. वैज्ञानिक दृष्टी प्रयोगशाळेतून घरात कशी यावी, हाच नारळीकरांचा जन्मभराचा प्रश्न होता.

ही दृष्टी त्यांनी स्वतःच्या बाबतीतही पाळली. विश्व एका महास्फोटातून जन्मले, हे बहुसंख्य शास्त्रज्ञांचे मत त्यांनी अखेरपर्यंत निर्विवाद मानले नाही. हॉईल व बर्बिज यांच्यासह 1993 साली त्यांनी पर्यायी सिद्धांत मांडला. तो फारसा स्वीकारला गेला नाही. पण अल्पमतात राहूनही कडवट न होता युक्तिवाद करीत राहणे, हाही एक धडाच आहे.

मुले स्वाक्षरी मागत, तेव्हा नारळीकर म्हणत, "पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली माझी सही असेल." बनारसच्या फळ्याचेच हे पोस्टकार्डावरील रूप नव्हे काय?

'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रास 2014 चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. बनारस, केंब्रिज, मुंबई व पुणे ही ती चार नगरे. 2021 साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. 20 मे 2025 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

बंधुभगिनींनो, महाराष्ट्राबाहेर मराठी टिकत नाही, अशी तक्रार आपण दर गणेशोत्सवात करतो. जो मनुष्य हिंदी शाळेत शिकला, ज्याने संशोधन इंग्रजीत केले, त्याने गोष्ट सांगण्यासाठी मात्र मराठी जवळ केली. ती मराठी त्याला घराने दिली होती. मंडळ वर्षातून चार दिवस मराठी देऊ शकते; उरलेले दिवस घराचेच आहेत.

आम्ही त्या संध्याकाळनंतर कपाटातून पुस्तक आणले. कन्येने मूळ कथा मोठ्याने वाचावयास घेतली. जोडाक्षरांवर ती अडखळे, तीन पानांना तासभर लागला. आम्ही मध्ये बोललो नाही. दुसऱ्या दिवशी पुढची पाने तिने आपणहून काढली. तेव्हा आमची विनंती एवढीच, की घरी जाताना ग्रंथालयातून एकेक पुस्तक घेऊन जावे. कपाट रिकामे झालेले पाहणे, यापरते सुवर्णमहोत्सवाचे दुसरे भाग्य आम्हांस दिसत नाही.