रकान्यातली एक खूण

फेब्रुवारी 2025 मध्ये सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर तामलवाडीजवळ पोलिसांनी एमडी (मेफेड्रोन) या अमली पदार्थाच्या पुड्या पकडल्या. तपास पुढे सरकला आणि आरोपींचा आकडा तीसच्या वर गेला. आई भवानीच्या तुळजापुरात ही पावडर आलीच कशी, यावर धाराशिव जिल्ह्यात महिनोन्‌महिने चर्चा झाली. पण अशा पुडीच्या नादी लागलेलं अठरा वर्षांखालचं पोरगं चोरीमारीत सापडलं, तर पुढे त्याचं काय होतं?

2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार त्याला पोलीस कोठडीत डांबता येत नाही. 24 तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करावं लागतं. जामीन मिळाला नाही तर मुक्काम निरीक्षणगृहात. जुनी माणसं त्याला अजून रिमांड होमच म्हणतात.

परिवीक्षा अधिकाऱ्याने 15 दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. त्याच्या छापील नमुन्यात मुलाच्या सवयी विचारलेल्या असतात. एका गटात धूम्रपान, दारू, अमली पदार्थ, जुगार. दुसऱ्यात टीव्ही, खेळ, वाचन, चित्रकला. पहिल्या गटातली खूण घाईगडबडीत राहून गेली, की कागदावर नुसती चोरी उरते, तलफ दिसतच नाही. नशा तुटली की झोप उडते, पोरगं अंगावर धावून येतं. कारण ठाऊक नसेल तर तो माजच वाटणार. खरं तर संस्थेतल्या मुलाला गरजेनुसार व्यसनमुक्तीचे उपचार मिळावेत, हे याच कायद्याच्या कलम 53 मध्ये लिहिलेलं आहे.

आणि नशा एमडीचीच असते असं नाही. पंक्चरचं सोल्युशन रुमालावर घेऊन हुंगणारी मुलं असतात. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या पाहणीचा अहवाल 2019 मध्ये आला. त्यात मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आढळलेली नशा एकच, हुंगण्याची: मुलांत 1.17 टक्के, मोठ्यांत 0.58. नाकातोंडाभोवती पुरळ, कपड्यांना थिनरचा वास, ही तिची ओळख.

पुडी देणाऱ्याचं काय? कलम 77 प्रमाणे मुलाला दारू, अमली पदार्थ, इतकंच काय तंबाखू देणाऱ्यालाही 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मुलाच्या हातून माल पोचवणाऱ्यासाठी कलम 78 आहे, शिक्षा तेवढीच.

तेव्हा टपरीवाल्यांनो, पोराच्या हाती पुडी देऊ नका. आणि आईबापांनो, घरात शंका आली तर चारचौघांत अब्रू जाईल म्हणून गप्प बसू नका. व्यसनमुक्तीच्या 14446 या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा.