पिकअपचे पायदान: निवड आणि वापर

पिकअपच्या दाराखाली आडवी बसवलेली पायरी म्हणजे पायदान. गॅरेजमध्ये तिला फूटस्टेप किंवा साइड स्टेप म्हणतात. बोलेरो पिकअप, टाटा योद्धा अशा गाड्यांची केबिन चॅसिसवर उंच बसलेली असते आणि केबिनमध्ये चढता-उतरताना पायाला मधला टप्पा देणे एवढेच पायदानाचे काम. बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यात हीच गाडी सकाळी मलकापूरच्या बाजारात सोयाबीन टाकून येते आणि दुपारी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बुलढाण्याच्या दवाखान्यात नेते. त्यांचे गुडघे लक्षात घेता पायदान ही चैन नव्हे, गरज आहे.

याबाबत ठरलेला प्रश्न असतो: पायदान किती वजन पेलते? त्यामागचा खरा प्रश्न बहुधा वेगळा असतो: त्यावर किती माणसे उभी राहतील? चालत्या गाडीत एकही नाही. हे उत्तर दर हंगामात तेच असते आणि पुढच्या हंगामातही तेच राहील.

पायदानाचे मुख्य प्रकार तीन: गोल नळीचे, चपट्या अ‍ॅल्युमिनियमचे आणि लोखंडी चेकर्ड प्लेटचे. नळीचे पायदान मजबूत असते, पण ओल्या चपलेखाली गुळगुळीत नळी दगा देते. अ‍ॅल्युमिनियम हलके असते, गंजत नाही. मात्र लोखंडी ब्रॅकेटशी त्याचा थेट संपर्क आला तर ओलाव्यात सांध्यापाशी ते झिजते, म्हणून मध्ये रबरी वॉशर हवा. चेकर्ड प्लेट स्वस्त आणि दणकट, पण रंग उडाला की गंज धरते. स्टेनलेस स्टीलमध्ये २०२ पेक्षा ३०४ ग्रेड गंजापुढे जास्त टिकतो. लोहचुंबक लावून या दोन ग्रेडमधला फरक कळत नाही; बिलावर ग्रेड लिहून घ्यावा.

काळ्या मातीच्या भागात पृष्ठभागाला फार महत्त्व आहे. पावसाळ्यात शेतातून आलेल्या पायाला चिखलाचा थर असतो. सपाट रबरी पट्टीच्या खाचा त्याने बुजतात आणि पट्टी साबणासारखी निसरडी होते. त्याऐवजी भोके पाडलेला, भोकांच्या कडा वर उचललेला पत्रा घ्यावा. चिखल भोकांतून खाली पडतो. नळीची तोंडे टोपणाने बंद असावीत. उघड्या तोंडाच्या धारेत उतरताना लुगड्याचा काठ अडकतो आणि आत साचलेले पाणी नळी आतून कुजवते.

उंचीचे माप गाडी भरलेली असताना घ्यावे. रिकाम्या गाडीचे पाटे ताठ असतात. माल भरला की ते बसतात आणि पायदानही तेवढेच खाली येते. रिकाम्या गाडीवर सोयीचे वाटणारे पायदान भरल्या गाडीत शेताच्या बांधाला घासते. पायरीची रुंदी १२ ते १५ सेंटिमीटर पुरते, म्हणजे पाऊल नीट टेकते. त्याहून रुंद फळी मागणाऱ्याच्या मनात माणसे उभी करण्याचा विचार असतो.

बसवताना जॅक लावण्याची जागा मोकळी राहावी, दार पूर्ण उघडावे, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर पुढचे चाक घासू नये. ब्रॅकेट चॅसिसच्या मूळ छिद्रांतच नट-बोल्टने आवळावेत. चॅसिसला वेल्डिंग करू नये, नवे छिद्र पाडू नये. पायदानासोबत पुढचा क्रॅश गार्ड गळ्यात मारला जात असेल तर नाकारावा; केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्याविरुद्ध कारवाई करण्यास सांगितले आहे.

आता पुन्हा पायदानावर उभे राहून जाण्याच्या मुद्द्याकडे. पायदानाचे ब्रॅकेट चॅसिसपासून बाहेर हातभर लोंबत असतात. चढणारा माणूस त्यावर क्षणभर, तोही थांबलेल्या गाडीत, भार टाकतो. उभा राहून जाणाऱ्याचा भार मैलोन्‌मैल राहतो आणि प्रत्येक खड्ड्यात ६० किलोचा माणूस ब्रॅकेटवर त्याच्या कितीतरी पट आदळतो. असे हजार हिसके बसले की बोल्टच्या छिद्रापाशी बारीक तडा जातो. तो रंगाखाली दिसत नाही. दिसतो तेव्हा पायदान खाली आलेले असते. बुलढाण्याच्या वाटेवरील राजूर घाटाच्या वळणावर शरीर बाहेर फेकले जाते आणि सगळा भार खिडकीच्या कडेला धरलेल्या बोटांवर येतो. गावरस्त्यावर समोरून ट्रॅक्टर-ट्रॉली आली की गाडी कडेच्या बाभळीला चिकटून जाते. तेव्हा बाहेर लटकलेल्या माणसाला अंग चोरायला जागा नसते. पायदान कितीही भारी घेतले तरी हा धोका कमी होत नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२३ नुसार पायदानावरून प्रवास करण्यास आणि चालकाने तसा प्रवास करू देण्यास, दोन्हीला मनाई आहे. तरी कापूस वेचणीच्या दिवसांत दोन्ही बाजूंना पोरे लटकलेली दिसतात. चालकाला ती आरशात दिसतात, घरच्यांना ओट्यावरून दिसतात, आणि तरीही गाडी सुटते. एका फेरीचे डिझेल वाचते म्हणून? दुसरी फेरी करावी. पोर लहान असेल, हट्टी असेल, तरी हात धरून खाली उतरवावे.

देखभाल थोडीच आहे. बसवल्यानंतर सुमारे ५०० किलोमीटरनी बोल्ट पुन्हा आवळावेत, पुढे प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी तपासावेत. पावसाळ्यात ब्रॅकेटच्या मागे साचलेली माती पाण्याने काढावी. वाकलेला ब्रॅकेट ठोकून सरळ करू नये, बदलावा. थांबलेल्या गाडीत चढून-उतरून चांगला ब्रॅकेट सहसा वाकत नाही. वाकला असेल तर आपल्या माघारी गाडीवर कोण उभे राहून जाते, याची चौकशी मालकाने त्याच दिवशी करावी.