लॅपटॉपमधील उष्णता आणि वेग

यंत्राकडून अधिक काम घ्यावयाचे तर ते अधिक तापणारच, अशी सर्वसामान्य समजूत आहे. आगगाडीच्या इंजिनापासून पिठाच्या गिरणीपर्यंतचा अनुभव तिला पोषकच आहे. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र ती पुरती खरी नाही. त्याच्या प्रोसेसरचे तापमान उतरविले असता कामाचा वेग घटण्याऐवजी पुष्कळदा वाढतो. हे कसे घडते आणि कोणत्या मर्यादेपर्यंत घडते, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय होय.

याचे एक ठळक उदाहरण 2018 सालच्या जुलै महिन्यात जगापुढे आले. ॲपल कंपनीने इंटेलचा ‘कोअर आय-9’ प्रोसेसर असलेला नवा मॅकबुक प्रो नुकताच बाजारात आणला होता. एका परीक्षकाने त्यावर व्हिडिओ तयार करण्याचे एक मोठे काम लावून पाहिले, तेव्हा त्याला सुमारे 39 मिनिटे लागली. आदल्या वर्षीच्या, कागदोपत्री दुबळ्या असलेल्या मॅकबुकने तेच काम सुमारे 35 मिनिटांत उरकले होते. मग त्या परीक्षकाने नवा लॅपटॉप शीतपेटीत ठेवला आणि तेच काम पुन्हा लावले. या वेळी ते सुमारे 27 मिनिटांत झाले. प्रोसेसर तोच, काम तेच. पालटली होती ती केवळ भोवतालची हवा. उष्णता-नियंत्रणाच्या अंतर्गत आज्ञावलीत एक अंकीय किल्ली राहून गेली होती, असे कंपनीने 24 जुलै रोजी जाहीर केले आणि दुरुस्ती पुरविली. शीतपेटी हा अर्थातच कोणी अनुकरण करावा असा उपाय नव्हे. तीतून बाहेर काढलेल्या यंत्रावर दव साचते.

ही उष्णता येते कोठून? प्रोसेसरमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात आणि ते सेकंदाला अब्जावधी वेळा उघडझाप करीत असतात. प्रत्येक उघडझापीत अत्यल्प विद्युत्‌भार भरला जातो व रिता होतो. त्यात खर्च होणारी सारी ऊर्जा अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. हा खर्च वारंवारतेच्या सम प्रमाणात वाढतो, परंतु विद्युत्‌-दाबाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पुढील सर्व विवेचनाचे मर्म या एका वर्गात आहे. उष्णतेची तीव्रता किती असते हे कपड्याच्या इस्त्रीशी तुलना केल्यास ध्यानी येईल. 1000 वॅटच्या इस्त्रीच्या तळाचे क्षेत्रफळ 200 चौरस सेंटीमीटर धरले, तर दर चौरस सेंटीमीटरमागे 5 वॅट येतात. 45 वॅट शक्ती घेणाऱ्या दीड चौरस सेंटीमीटरच्या प्रोसेसरमध्ये हाच आकडा 30 वॅट होतो!

पूर्वी ही अडचण एवढी तीव्र नव्हती. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 मध्ये असे दाखवून दिले होते की, ट्रान्झिस्टर लहान करताना त्याच प्रमाणात विद्युत्‌-दाबही उतरविला, तर दर चौरस सेंटीमीटरमागील शक्ती वाढत नाही. या नियमाच्या आधारे सुमारे तीस वर्षे वेग वाढत गेला. पुढे ट्रान्झिस्टर इतके सूक्ष्म झाले की, बंद असतानाही त्यांतून विजेची गळती होऊ लागली. त्यामुळे विद्युत्‌-दाब आणखी उतरविणे दुष्कर झाले. 2004 मध्ये इंटेलने ‘तेजस’ या नावाने चाललेला आपला पुढचा प्रोसेसर सोडून दिला आणि 4 गिगाहर्ट्झच्या पेंटियम-4 चा बेतही रद्द केला. त्याच कंपनीच्या इस्रायलमधील गटाने मात्र 2003 मध्येच पेंटियम-एम हा लॅपटॉपसाठी घडविलेला प्रोसेसर पुढे आणला होता. त्याची वारंवारता कमी, उष्णताही कमी, तरी काम पेंटियम-4 च्या तोडीचे. धावण्यापेक्षा प्रत्येक पावलात अधिक अंतर कापणे त्याने पत्करले होते.

2008 पासून इंटेलच्या प्रोसेसरांत ‘टर्बो बूस्ट’ ही योजना आली. तापमान, विद्युत्‌प्रवाह व शक्ती यांच्या ठरीव मर्यादांत जागा शिल्लक असेल तोवर प्रोसेसर आपली वारंवारता आपणच वाढवितो आणि मर्यादा गाठली की उतरवितो. पुष्कळ लॅपटॉपांत तापमानाची ही मर्यादा 100 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. खोक्यावर ठळक छापलेला वेग हा बहुधा एकाच गाभ्याचा आणि थोडा काळ टिकणारा असतो, हे ग्राहकाला सहसा कोणी सांगत नाही. दीर्घ कामात खरा वेग ठरतो तो उष्णतेच्या या अंदाजपत्रकावरून. तेव्हा तेवढ्याच कामाला कमी उष्णता निर्माण झाली, किंवा निर्माण झालेली उष्णता लवकर बाहेर गेली, तर उरलेल्या जागेत प्रोसेसर अधिक धावतो.

पहिला मार्ग विद्युत्‌-दाब उतरविण्याचा. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या एकाच जातीच्या चिपांमध्येही काही सरस, काही निरस असतात. त्यांतील सर्वांत दुबळ्या चिपेचेही गणित, प्रतिकूल परिस्थितीत आणि काही वर्षांच्या झिजेनंतरही, चुकू नये अशा बेताने विद्युत्‌-दाब ठरविला जातो. तयार कपडे सर्वांना व्हावेत म्हणून सैल शिवतात, तसाच हा प्रकार. त्यामुळे बहुतेक चिपांना गरजेपेक्षा अधिक दाब मिळतो. तो 1.10 व्होल्टवरून 1.00 व्होल्टवर आणला, तर त्याच वारंवारतेला उघडझापीचा खर्च सुमारे 17 टक्क्यांनी उतरतो. गळतीही तापमानाबरोबर वाढत असल्याने, थंडावलेली चिप गळतीतही बचत करते. मात्र वारंवारतेला वरून बांध घालणे ही निराळी गोष्ट आहे. त्यानेही यंत्र थंड होते, पण वेगाची किंमत मोजून. या दोहोंची गल्लत पुष्कळदा केली जाते.

दाब उतरवायचा तो एकदम नव्हे, तर 10 ते 20 मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी. प्रत्येक पायरीवर तासभर कठीण गणिते करवून घ्यावीत. दाब अपुरा पडला तर प्रोसेसर जळत नाही. यंत्र गोठते किंवा पुन्हा सुरू होते. याहून वाईट म्हणजे ते चालू राहते आणि एखादी बेरीज चुकवते. म्हणून चूक दिसली की दोन पायऱ्या मागे यावे. शेजाऱ्याच्या लॅपटॉपला मानवलेला आकडा आपल्याला मानवेलच असे नाही, मग दोहोंचे नाव एकच का असेना.

दुसरा मार्ग उष्णतेची वाट मोकळी करण्याचा. चिप आणि तिच्यावर बसविलेले तांबे यांचे पृष्ठभाग कितीही गुळगुळीत केले तरी त्यांत सूक्ष्म खळगे राहतात आणि त्यांत हवा असते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे 400, तर हवेची त्याच एककात सुमारे 0.026 आहे. हे खळगे भरण्यासाठी जो लेप लावतात तो काही वर्षांत सुकतो किंवा कडेला सरकतो. जुना लेप पुसून नवा लावणे हा म्हणूनच अल्पखर्चाचा परंतु गुणकारी उपाय आहे. तेथून पुढे उष्णता-नलिकेतील द्रवाची वाफ होऊन ती उष्णता पंख्याशी असलेल्या बारीक पात्यांपर्यंत नेते. त्या पात्यांत साचलेली धूळ काढली नाही, तर लेपाचा उपयोग थोडाच. गादीवर लॅपटॉप ठेवल्याने हवेची दारेच बंद होतात. बाजारात मिळणाऱ्या पंख्यांच्या बैठकींचे गुणगान मात्र जरा जपूनच ऐकावे. हवा खालून घेणाऱ्या यंत्रालाच त्यांचा काय तो लाभ.

आपल्या देशात या हिशेबाला आणखी एक बाजू आहे. खोलीचे तापमान 25 अंश असेल तर 100 अंशांच्या मर्यादेपर्यंत 75 अंशांचे अंतर असते. वैशाखात खोली 40 अंशांवर गेली की ते 60 उरते. म्हणजे त्याच पंख्याकडून आणि त्याच पात्यांकडून एक-पंचमांश उष्णता कमी बाहेर जाते.

विद्युत्‌-दाब उतरविण्याची मुभा आज सर्वांना नाही. डिसेंबर 2019 मध्ये बर्मिंगहॅम, ग्राझ व ल्यूव्हेन येथील विद्यापीठांतील संशोधकांनी असे दाखविले की, हाच दाब ऐन क्षणी खाली खेचून प्रोसेसरकडून मुद्दाम चुकीचे गणित करवून घेता येते आणि ‘एसजीएक्स’ या त्याच्या बंदिस्त कप्प्यातील गुपिते उघड करता येतात. या हल्ल्याला ‘प्लंडरव्होल्ट’ हे नाव मिळाले. इंटेलने आज्ञावलीतून दाब बदलण्याची वाट बंद करण्याची सोय पुरविली आणि लॅपटॉपच्या निर्मात्यांनी ती पुष्कळ यंत्रांत लागू केली. संशोधकांचा इशारा रास्त होता. परंतु या कप्प्याचा उपयोग कधीच न करणाऱ्या सामान्य मालकांचीही सोय त्यात गेली. पुढे 2021 पासून इंटेलने व्यक्तिगत संगणकांच्या नव्या प्रोसेसरांत हा कप्पा ठेवणेच सोडून दिले, तरी पुष्कळ लॅपटॉपांवरील कुलूप कायम राहिले. निर्मात्याने मुभा ठेवलेल्या काही यंत्रांत प्रारंभीच्या मांडणीच्या पडद्यावर हा पर्याय आढळतो. तो नसेल, तर मालकाच्या हाती लेप, मऊ कुंचला आणि हवेशीर टेबल एवढीच साधने उरतात. आणि धुळीने भरलेल्या जुन्या लॅपटॉपात तेवढ्यानेही वेगातील फरक जाणवण्याजोगा असतो.