माठाचा घाम आणि पेल्याचा घाम



या व्यासपीठावरून आपण मोठमोठे विषय ऐकता. आजचा आमचा विषय त्या मानाने फारच लहान. तीन-साडेतीन फूट उंचीचा म्हणा ना! चार ते आठ वर्षांचे मूल घरात सृष्टीविषयी जे प्रश्न विचारते, त्यांना आपण मोठ्यांनी उत्तर कसे द्यावे, एवढेच बोलायचे आहे. माठातले पाणी गार का? मुंग्या रांगेनेच का चालतात? आकाश निळे का? असल्या प्रश्नांची सरबत्ती ज्या घरात होत नाही, ते घर विरळा.

आपण साधारणपणे तीन तऱ्हेची उत्तरे देतो. पहिले, “गप्प बस, पुढे शाळेत शिकवतील.” दुसरे, वेळ मारून नेण्यासाठी ठोकून दिलेली थाप. आणि तिसरे, सुशिक्षित घरातले प्रतिष्ठित उत्तर. मुलाने विचारावे, माठातले पाणी गार का, आणि वडिलांनी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणावे, “बाष्पीभवनामुळे.” उत्तर खरे आहे, त्यात चूक काढता येणार नाही. परंतु मुलाच्या हाती काय पडले? एक जोडाक्षरांचा शब्द. पहिल्या उत्तराने मूल हिरमुसते, पण तासाभराने पुन्हा विचारते. या तिसऱ्या उत्तराने मात्र आपल्याला कळले असे त्याला वाटू लागते, आणि ते विचारायचे थांबते. म्हणून तिन्हींत हेच आम्हांला अधिक धोक्याचे वाटते.

मग करावे काय? उन्हाळ्याचे दिवस आहेत, तेव्हा घरातलेच उदाहरण घेऊ. माठ बाहेरून ओला असतो. बर्फ घातलेल्या सरबताचा स्टीलचा पेलाही बाहेरून ओला होतो. मूल म्हणते, दोघांनाही घाम आला. आतले पाणी झिरपून बाहेर आले. मुलाचा हा तर्क काही वेडगळ नाही. माठाच्या बाबतीत तर तो अगदी बरोबर आहे. तेव्हा “चूक!” म्हणून त्याला दटावू नये. “असे का? मग बघू या,” म्हणावे.

पेल्यात कोकमाचे लालभडक सरबत घ्यावे आणि त्यात बर्फ टाकावा. बाहेर थेंब जमले की पांढऱ्या फडक्याने टिपावे. फडके लाल होते का? नाही. मुलाला बोटाने एक थेंब चाखू द्यावा. गोड लागतो का? आंबट लागतो का? तोही नाही. मग हे सरबत बाहेर आलेच नाही! शेजारी बिनबर्फाच्या सरबताचा दुसरा पेला ठेवावा. तो बाहेरून कोरडाच राहतो. आता प्रश्न मुलाच्याच तोंडून येईल: मग हे पाणी आले कोठून? पेल्याभोवती हवेवाचून दुसरे आहे काय? हवेत न दिसणारी वाफ असते, ती गार पेल्याला लागली की तिचे पाणी होते, हे सांगण्याची वेळ आता आली. मुलाची मागणी आधी, आपला पुरवठा नंतर.

स्वयंपाकघरात लहानसा वजनकाटा असेल तर आणखी गंमत करता येते. बर्फाचा पेला पुसून काट्यावर ठेवावा आणि बाहेर थेंब जमू लागले की पुन्हा आकडा पाहावा. वजन थोडे वाढलेले दिसते. पाण्याने भरलेले मातीचे लहान मडके ठेवले तर काही तासांत वजन घटते. दोघांचा घाम दिसायला सारखा, पण एकाकडे बाहेरून पाणी येते आणि दुसऱ्याचे बाहेर जाते.

माठाचे पाणी बाहेर येऊन उडून जाते, आणि जाताना माठातली उष्णता घेऊन जाते. मुलाच्या मनगटावर ओला हात फिरवून फुंकर मारली की हे त्याला सांगावे लागत नाही. मोठ्यांसाठी हिशेब हवा असेल तर असा: १ ग्रॅम पाणी उडून जाताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेते, म्हणजे ५८ ग्रॅम पाणी १० अंशांनी गार करण्यास पुरेल इतकी. जुन्या माठाची छिद्रे क्षारांनी बुजली की पाणी गार होत नाही, हे आपल्या आयाबहिणींना पुस्तकावाचून ठाऊक आहे. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ आणि वाळ्याच्या ताट्यांचा कूलर उत्तम चालतात, मुंबईच्या दमट हवेत दोघेही रडतात, याचेही कारण तेच. आता खुशाल “याला बाष्पीभवन म्हणतात” असे सांगावे. ओळख झाल्यावर नाव विचारण्याची आपली रीतच आहे.

ही युक्ती आमची नव्हे. मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञाने १८६०-६१ च्या हिवाळ्यात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी सहा व्याख्याने दिली. विषय काय, तर मेणबत्ती! बर्फ आणि मीठ घातलेले भांडे त्याने ज्योतीवर धरले आणि भांड्याच्या बुडाशी लोंबणारा पाण्याचा थेंब मुलांना दाखवला. पेटत्या मेणबत्तीतून पाणी निघते, हे शब्दांनी सांगून कोणाला पटले असते?

आता कोणी म्हणेल, “आम्हांलाच उत्तर ठाऊक नसेल तर?” तर तसे सांगावे. “मला ठाऊक नाही, आपण पाहू,” हे वाक्य उच्चारल्याने आईबापांची पत जात नाही. मुंग्यांची रांग घ्या. भिंतीवरच्या रांगेच्या मधोमध ओले फडके फिरवावे. मुंग्या तेथे येऊन थबकतात, इकडेतिकडे हुडकू लागतात. वाटेवर डोळ्यांना न दिसणारे काहीतरी होते आणि ते पुसले गेले, एवढे मूल स्वतःच सांगते. मुंग्या वाटेवर वासाचा माग सोडतात, हे मग पुस्तकात दोघांनी मिळून वाचावे.

थापेविषयीही एक शब्द. आकाश निळे का, तर त्यात समुद्राचे प्रतिबिंब पडते, असे बरेच जण सांगतात. हुशार मूल विचारील, “मग नागपूरला समुद्र कुठे आहे?” खरे उत्तर लहान करून सांगता येते: सूर्याच्या प्रकाशात सगळे रंग आहेत आणि हवा त्यांतला निळा अधिक उधळते. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन दुधाचे चार थेंब टाकावे आणि अंधारात बॅटरीचा झोत सोडावा. बाजूने पाहिले तर पाणी निळसर दिसते. समोरून पाहिले तर झोत पिवळा-तांबूस. मावळतीचा रंगही त्यातच आला. मुलाला अर्धे सत्य दिले तर पुढे ते पुरे करता येते. खोटे दिले तर ते आधी खणून काढावे लागते.

आपण म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचा एवढा विस्तार कशाला? तर २१ सप्टेंबर १९९५ हा दिवस आठवा. गणपतीची मूर्ती दूध पिते ही वार्ता त्या दिवशी दिल्लीपासून देशभर आणि परदेशांतल्या मंदिरांपर्यंत पसरली, आणि रांगा लागल्या. भाविकांच्या श्रद्धेचा उपहास करण्याचा आमचा हेतू नाही. भक्ती ही ज्याची त्याची. परंतु चमच्यातले दूध जाते कोठे, हा प्रश्न भक्तीचा नव्हता. तो पेल्याच्या घामाचाच भाऊ होता. शास्त्रज्ञांनी काय केले? दुधात रंग मिसळला. तेव्हा चमच्यातले दूध मूर्तीला टेकताच ओढले जाते आणि पातळ थर होऊन अंगावरून खाली ओघळते, हे रंगामुळे दिसले. शुभ्र संगमरवरावर पांढऱ्या दुधाचा थर एरवी दिसावा कसा? याला पृष्ठताण कारण. हा शब्द शाळेत घोकून उत्तीर्ण झालेली माणसे त्या रांगांत थोडी नव्हती. त्यांना शब्द ठाऊक होता; दुधात रंग टाकून पाहावे हे मात्र सुचले नाही.

कोकमाच्या सरबताने जे सहा वर्षांचे मूल करते, तेच हे. विज्ञाननिष्ठ दृष्टीचा विकास हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून १९७६ साली आपल्या राज्यघटनेत लिहिले गेले. त्या कर्तव्याची पहिली शाळा स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी भरते, आणि तेथे फी लागत नाही. लागतो तो आपला अर्धा तास, आणि थोडे सांडलेले सरबत पुसण्याची तयारी.

उद्या घरी कोणी बाळगोपाळ “का?” म्हणून पुढे उभा राहिला, तर उत्तर देण्यापूर्वी त्याला एकदा विचारून पाहा, “तुला काय वाटते?” तो जे सांगेल ते ऐकून घ्या, आणि ते कसे पडताळावे याचा विचार दोघांनी बसून करा. आमची एवढीच विनंती आहे.