परळचे वाडिया बाल रुग्णालय आणि आपण



परळचे बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय आपल्याला 'वाडिया' एवढ्याच नावाने माहीत आहे. जेरबाईंच्या मुलांनी, सर नेस व सर कसरू वाडिया यांनी, आईच्या स्मरणार्थ ते उभारले. १९२९ साली ते सुरू झाले. तेव्हा हा सारा भाग गिरण्यांचा. एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे, नळ समाईक, आणि पाळण्यातले मूल दगावणे ही घरोघरची गोष्ट. परमपूज्य बाबासाहेब तेव्हा परळच्याच बी.आय.टी. चाळीत राहत. त्यांची चार अपत्ये लहानपणीच गेली. राजरत्न गेला तो १९२६ साली, म्हणजे रुग्णालय उघडण्याच्या तीन वर्षे आधी.

मुलांसाठी वेगळे रुग्णालय कशाला, असे काही जण विचारतात. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळे मिळून पाव लिटरच्या आसपास रक्त असते. मोठ्या माणसाच्या हिशेबाने तपासणीसाठी रक्त काढत राहिलो तर ते बाळ तपासणीनेच खंगेल. औषध वजनावर मोजायचे, सुई वेगळी, नळी वेगळी, भूल देणारा डॉक्टरही त्यातलाच जाणकार हवा. शिवाय कुठे दुखते ते मूल सांगत नाही. श्वासावरून, टाळूवरून, रडण्याच्या सुरावरून ओळखावे लागते. वाडियात नवजात अर्भकांचा अतिदक्षता विभाग आहे, बालशल्यक्रिया आहे. मूत्रपिंड, रक्त आणि कर्करोगाचे उपचार होतात. एकमेकांना जोडून जन्मलेली जुळी तिथे शस्त्रक्रियेने वेगळी केली गेली आहेत.

हे शिकवणारे रुग्णालय आहे. चार शिकाऊ डॉक्टर एकामागून एक येऊन तेच प्रश्न विचारतात, तेच पोट दाबून पाहतात, तेव्हा आईबाप चिडतात. "आमच्या पोरावर प्रयोग करता काय?" हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकले आहे. राग समजण्यासारखा आहे. पण एकाच्या नजरेतून सुटलेले दुसऱ्याला सापडते, आणि मोठे डॉक्टर फेरीला येतात तेव्हा सगळी माहिती तयार असते. बालरोगशास्त्राचे आपल्या देशातील आद्य डॉक्टर जॉर्ज कोएल्हो यांनी याच वाडियात काम केले. वैद्यकीय शाखेकडे जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी एवढे मात्र लक्षात ठेवावे, की शिकताना पेशंटच्या आईशी दोन शब्द बोलायला वेगळी फी लागत नाही.

२०२० च्या जानेवारीत महापालिका व शासनाकडून येणारे अनुदान थकल्यामुळे हे रुग्णालय बंद पडण्याची वेळ आली. नवे रुग्ण घेणे थांबले. कर्मचारी व पालक रस्त्यावर आले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तेव्हा पुतळ्यासाठी पैसा आहे आणि गरिबांच्या रुग्णालयासाठी नाही काय, असे न्यायालयाने शासनाला सुनावले. रोख इंदू मिलच्या स्मारकाकडे होता. प्रकाश आंबेडकरांनीही, तो निधी वाडियाला द्या, असे जाहीरपणे सांगितले. आपल्यातील काहींना ते खटकले. आम्हाला ते योग्य वाटले, आणि आजही वाटते. नंतर निधी मिळाला व दरवाजे उघडे राहिले.

आता कामाचे थोडे. उशिरा नेलेले मूल ही आमची खरी चिंता आहे. मूल शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतले बाळ ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतले ५० किंवा अधिक, पाच वर्षांपर्यंतचे ४० किंवा अधिक श्वास घेत असेल, बरगड्यांखाली खळगा पडत असेल, ते दूध ओढत नसेल, तर अंगारा-धुपारा नको, सकाळची वाटही नको. जुलाबात क्षारसंजीवनीचे पाकीट पाण्याच्या ठरलेल्या मापातच कालवा. पाणी कमी घातले तर अपाय होतो. जाताना लसीकरणाचे कार्ड, जुने कागद व रेशनकार्ड बरोबर घ्या. पैशाची अडचण असेल तर लाजू नका, प्रथम तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा. रात्री-अपरात्री सोबत येण्यास जे तरुण तयार आहेत त्यांनी सभा संपल्यावर चिटणिसांकडे नावे द्यावीत.